हौद भरतानाची रेघ

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. माझं माहेर सोयगावजवळचं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, पण दुसरा डोळा व्हायचा होता, त्यामुळं मधले काही महिने त्यांना दोन डोळ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. एका डोळ्याला भिंत पांढरी, दुसऱ्याला चहा सांडल्यासारखी पिवळट. चालण्याफिरण्यात अडचण नव्हती. अडचण आली ती आलेखाच्या कागदावर. बारीक चौकटींच्या रेघा एकमेकींत शिरायच्या आणि पेन्सिलीचं टोक नेमकं कुठल्या रेघेवर आहे ते त्यांना कळायचं नाही.

आलेख काढायची त्यांना नोकरीपासूनची सवय. तेव्हा धरणाची पातळी होती, कालव्याचा विसर्ग होता. आता धरण नव्हतं, तर इमारतीचा हौद होता. पुंडलिकनगरातल्या आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं. ते जमिनीखालच्या हौदात पडतं आणि तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं. मामांनी एका काठीवर रंगाच्या खुणा केल्या होत्या. हौदाचं झाकण उघडून ते काठी आत सोडायचे, ओली खूण बघायचे आणि वर येऊन ती आलेखाच्या कागदावर मांडायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. काही वर्षांपूर्वी गणितालाही प्रॅक्टिकल आलं. फळ्यावर जे आलेख आम्ही हातानं काढायचो, ते मुलांना कॉम्प्युटरवर काढायला शिकवायचं. त्यासाठी गणिताचं एक मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते मी स्वतः आधी घरी लॅपटॉपवर शिकले, जेवणाच्या टेबलावर बसून. मामा समोरच्या खुर्चीत पेपर वाचायचे. आमच्यात बोलणं बेताचंच होतं. चहा झाला का, मोटर लावली का, एवढंच. भांडण नव्हतं. विषय नव्हता.

एक दिवस ते पेपर ठेवून माझ्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर वक्र रेघ होती.

"ही तू काढली?"

"मी नाही मामा, यानं काढली. मी फक्त सूत्र दिलं."

"रेघ जाड करता येते का?"

"येते."

मी जाड केली. ते पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "मला शिकव."

त्यांचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. व्हेरिएबल हा शब्द त्यांना माहीत होता, पण ते चल म्हणायचे आणि फंक्शनला फल म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांचा वाद झाला तो या चलावरून. सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं, की टी हे अक्षर म्हणजे एक चल आहे, त्याला किंमत नाही. ते त्यांना पटेना.

"किंमतच नाय, तर मग ते लिहायचं कशाला?"

"किंमत आलेख काढताना तो घालतो. शून्यापासून पुढं, एकेक करून."

"व्हय? मग ठीक आहे."

दोन-चार दिवसांनी मी कॉलेजातून आले, तर मामा लॅपटॉपसमोर बसलेले. पडद्यावर एक आडवी सरळ रेघ. त्यांनी कुठलंही सूत्र दिलं तरी आडवीच रेघ यायची. मी वर सरकवून बघितलं. सकाळी त्यांनी एक हिशोब तपासायला टीला एक आकडा देऊन ठेवला होता. आकडा दिला की टी हे चल राहत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर प्रत्येक सूत्रात टीच्या जागी तोच आकडा घालत होतं, त्यामुळं उत्तर बदलतच नव्हतं आणि रेघ आडवी जात होती. मी टीला पुन्हा मोकळं केलं. मामा म्हणाले, "म्हणजे चल खाली बसलं होतं." आणि हसले. त्यांना हसताना मी क्वचितच बघितलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्यांनी साधी सूत्रं पटापट उचलली. पडद्यावरची अक्षरं मी मोठी करून दिली होती, रेघा जाड. महिन्याभरात ते स्वतःचं स्वतः करायला लागले आणि मी माझ्या पेपर तपासण्यात गुंतले.

त्याच उन्हाळ्यात इमारतीत पाण्यावरून कुरबुर सुरू झाली. पुढचं पाणी यायच्या आतच हौद संपायला लागला. टँकर बोलवावा लागायचा आणि टँकर आला की जिन्यात बोलाचाली व्हायची. बोट जायचं ते तळमजल्याकडं. तिथल्या ताई स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना जेवणाचे डबे द्यायच्या. घर त्यांचं स्वतःचं, नवरा खूप आधी गेलेला. मोठी पातेली त्या मागच्या मोकळ्या जागेत घासायच्या, त्यामुळं त्यांचं पाणी सगळ्यांना दिसायचं. वरच्या मजल्यांवरचं पाणी बाथरूममध्ये जायचं, ते कुणाला दिसत नव्हतं.

इमारतीचे सचिव आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. विम्याचं काम करायचे, बोलायला मोकळे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बाई एकटी राहते आणि पाणी चार घरांचं वापरते. अपने को क्या दिखता नहीं क्या?"

मामांचं मत वेगळं होतं. ते जेवताना एकदा म्हणाले, "डबे ती मागच्या वर्षीही द्यायची. खर्च तेवढाच आहे. आवक कमी झाली. पूर्वी हौद सकाळी सकाळी भरायचा. आता दुपार होते तरी भरत नाय."

"मग सांगा ना सचिवांना."

"सांगून ऐकत नसतात. दाखवावं लागतं."

रविवारी पार्किंगमध्ये बैठक ठरली. मामांनी ठरवलं, की हौदाच्या पातळीचा आलेख काढून न्यायचा. पाणी आल्यापासून किती तास झाले, म्हणजे टी, ते आडव्या अक्षावर. पातळी उभ्या अक्षावर. यात एक सूत्र पुरणार नव्हतं. पाणी चालू असेपर्यंत पातळी चढते आणि बंद झाल्यावर उतरते. म्हणजे फंक्शनमध्येच अट घालायची, की टी अमुक तासांपेक्षा कमी असेल तर चढायचं सूत्र वापर, नसेल तर उतरायचं. हे अटीचं लिहिणं मीच त्यांना कधीतरी दाखवलं होतं. त्यांनी ते बरोबर लिहिलं. तासाला पातळी किती, दोन तासांना किती, असं विचारून बघितलं. काठीवरच्या खुणांशी उत्तरं जुळली. मग त्यांनी आलेख काढायची ओळ लिहिली, फाइल मोबाइलवरून औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात पाठवली, जिथं मुलांचे प्रोजेक्टचे मोठे कागद छापून मिळतात, आणि संध्याकाळी रिक्षानं जाऊन गुंडाळी घेऊन आले. पडद्यावर आलेख त्यांनी बघितला होता, पण लहान आकारात, आणि त्या दिवशी डोळ्यात औषध घातलेलं होतं. मी परीक्षेच्या कामात होते. गुंडाळी सरळ कपाटावर गेली.

बैठकीत मामा उभे राहिले. आवाज लहान. "पाणी कमी येतंय," ते म्हणाले. "हा आलेख आहे. डाव्या बाजूला बघा, हौद किती हळू भरतो." आणि त्यांनी गुंडाळी सोडून मोटरसायकलच्या सीटवर पसरली. एका टोकाला मी हात ठेवला.

कागदावर एकच रेघ होती. डाव्या बाजूला कागदाच्या वरच्या टोकापासून ती सुरू होत होती आणि सरळ खाली येत होती. चढण कुठंच नव्हती.

सचिव पुढं झुकले. "काका, यात तर पाणी यायच्या आधीच हौद भरलेला आहे."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वाईट हसणं नव्हतं ते, रविवारच्या सकाळचं होतं. सचिव त्याच सुरात म्हणाले, "म्हणजे आवक भरपूर आहे. काकांनीच सिद्ध केलं. आता जातं कुठं तेवढंच बघायचं राहिलं."

सगळे ताईंकडं बघायला लागले. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. "मी पातेली घासते, पाणी पीत नाही," त्या म्हणाल्या. पण ते कुणी नीट ऐकलं नाही.

मामांनी एक डोळा तळहातानं झाकला आणि कागदाकडं बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. "माझ्या मोजमापात असं नाय," ते म्हणाले. एवढंच. कागद गुंडाळला आणि खुर्चीवर बसून राहिले. बैठक पुढं चालली. तळमजल्याच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा आणि दुपारी तो बंद ठेवायचा, असं ठरलं. दोन दिवसांत प्लंबर येऊन व्हॉल्व्ह बसवून गेला. ताई दुपारच्या कामासाठी सकाळीच पिंपं भरून ठेवायला लागल्या. दारासमोर ओळीनं पिंपं दिसायची.

बैठकीच्या दिवशी मामा घरी आले. जेवले, झोपले. चार वाजता उठून त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "चूक कुठंय ते बघ. माझी असली तर माझी."

मी बघितलं. अट बरोबर होती. चढायचं सूत्र बरोबर, उतरायचं बरोबर. एका तासाची पातळी विचारली तर बरोबर यायची, दहा तासांची विचारली तरी बरोबर. आलेख मात्र चुकीचा. मला वाटलं, मागच्यासारखा टीला कुठंतरी आकडा चिकटला असेल. सगळं बंद करून नव्यानं सुरू केलं. तीच उतरती रेघ. नवऱ्यानं येऊन विचारलं, काय चाललंय. आम्ही दोघांनी मान वर केली नाही.

मग मी मुलांना सांगते ते केलं. फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीत लिहिलं, की तुला टी म्हणून जे काही मिळेल ते छापून दाखव. आलेख काढताना तिथं आकड्यांची रांग यायला हवी होती. शून्य, अर्धा, एक, दीड. एकच गोष्ट छापली गेली. टी. नुसतं अक्षर, आणि तेही एकदाच.

तेव्हा ती ओळ मला दिसली. आलेख काढायची आज्ञा लिहिताना मामांनी फंक्शनचं नाव लिहून पुढं कंसात टी लिहिला होता. साध्या सूत्रांना आम्ही नेहमी तसंच लिहायचो आणि ते चालायचं. पण कंसात टी लिहिलं की सॉफ्टवेअर आलेखाकडं जायच्या आधीच फंक्शनला टी देऊन उत्तर मागतं. त्या वेळी टीला किंमत नसते, ते नुसतं अक्षर असतं. फंक्शन विचारतं, हे अमुक तासांपेक्षा कमी आहे का? अक्षराबद्दल हो असं ठामपणे म्हणता येत नाही. हो नाही, म्हणजे नाही, असं धरून ते दुसऱ्या सूत्राकडं जातं. मग तेच उतरायचं सूत्र सबंध आलेखाला लागतं. चढायचं सूत्र कधी वाचलंच जात नाही.

मी हे मामांना सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे पाणी सुटायच्या आधीच त्यानं निर्णय घेतला."

"हो."

"आणि मग कितीही तास झाले तरी पुन्हा विचारलं नाय."

"नाही. एकदाच विचारलं."

"लई वाईट," ते म्हणाले. "मग काय करायचं?"

"कंस काढायचा. फक्त फंक्शनचं नाव द्यायचं. मग तो स्वतः एकेक आकडा घालून दर वेळी विचारतो."

त्यांनी स्वतःच कंस आणि त्यातला टी पुसला. आकड्यांची रांग धडधडत खाली गेली आणि रेघ आली. डावीकडं लांब, मंद चढण आणि मग उतार. मामांनी तिच्या शेजारी मागच्या वर्षीच्या कागदावरची चढण वेगळ्या रंगात घातली. ती चढण उभट होती, लवकर काठाला लागत होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुणालाही कळलं असतं.

मी म्हटलं, "इमारतीच्या ग्रुपवर टाकते."

"नको. ग्रुपवर लोक अंगठा दाखवतात. मी जातो."

बैठकीनंतर दोन दिवसांनी त्यांनी नवा कागद छापून आणला, आणि या वेळी दुकानातच उघडून बघितला. परत आल्यावर ते आधी ताईंकडं गेले. मला सोबत यायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. ताईंनी दार उघडलं. हाताला पीठ होतं.

"माझ्या आलेखात चूक होती," मामा दारातच म्हणाले. "त्यामुळं तुमच्यावर आलं. हा बरोबर आहे."

ताईंनी कागदाकडं बघितलं, मग मामांकडं. "काका, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही बोलत होता आणि सगळे हसले, ते मला आवडलं नाही. बसा ना."

मामा बसले नाहीत. "व्हॉल्व्ह काढायला लावतो," म्हणाले आणि जिना चढायला लागले.

सचिवांनी आलेख नीट बघितला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त घाई असायची. तरी म्हणाले, "काका, परवा एक होता, आज दुसरा आहे. उद्या तिसरा येईल."

"बरोबर," मामा म्हणाले. "म्हणून कागदावर विश्वास ठेवू नका. पाणी येईल त्या दिवशी माझ्याबरोबर हौदावर उभे राहा. काठी तुम्ही धरा."

पाणी आलं त्या दिवशी सचिव खरंच खाली आले, बर्मुडा आणि बनियनवर. पहिल्या तासाला त्यांनी काठी सोडली, खूण बघितली. कागद भिंतीला चिकटवलेला होता. मामांनी रेघेवर बोट ठेवलं, सचिवांनी काठीवर. दुसऱ्या तासाला पुन्हा. तिसऱ्या वेळी सचिव बोलावल्याशिवाय आले. मी वरून, बाल्कनीतून बघत होते. कॉलेजला उशीर होत होता. एवढंच दिसलं, की सचिव खाली वाकले, सरळ झाले आणि कागदाकडं न बघता हौदात पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडं बघायला लागले. धार करंगळीएवढी होती. ती कित्येक महिने तेवढीच असावी. झाकण उघडून तिच्याकडं मामांशिवाय कुणी बघितलं नव्हतं, आणि मामाही काठीकडं बघत होते.

सचिवांनी बोलावलेल्या प्लंबरनं रस्त्यावरच्या मुख्य लाइनपासून इमारतीत येणारा पाइप खोलला. आत गाळ आणि गंज बसून वाट अर्धीही उरली नव्हती. पाइप बदलला. त्यानंतरच्या पाण्याला हौद सकाळी भरला. तळमजल्याचा व्हॉल्व्ह काढायला कुणी प्लंबर बोलावला नाही. तो नुसता उघडा ठेवला, आणि अजून तिथंच आहे. ताईंची माफी कुणी मागितली असं माझ्या कानावर नाही. पिंपं मात्र दारासमोरून गेली.

पावसाळ्यात मामांचा दुसरा डोळाही झाला. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून ते आठवडाभर बसून होते. भिंत दोन्ही डोळ्यांना पांढरी दिसायला लागली, तेव्हा मला वाटलं, आता ते कागद-पेन्सिलीकडं परत जातील. गेले नाहीत. टेबलाच्या त्या बाजूला त्यांची खुर्ची आता कायमची आहे. आमच्यात बोलणं खूप वाढलं असं मी म्हणणार नाही, पण विषय असतो. त्यांना आता हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून एकच आलेख हवाय, मोटर किती वाजता लावावी ते ठरवायला. त्यात अटी पुष्कळ आहेत. मीही त्यात कधीकधी अडकते.

पुढच्या वर्षी सचिवांची मुदत संपली. कुणीतरी मामांचं नाव सुचवलं. मामा म्हणाले, "मला बैठकीत बोलता येत नाय, ते तुम्ही बघितलंय." आणि त्यांनी ताईंचं नाव सांगितलं. थोडी कुजबुज झाली, मग कुणाला दुसरं नाव सुचेना. ताई म्हणाल्या, "मला सकाळी वेळ नसतो, डबे असतात. बैठक दुपारी घेणार असाल तर करते."

आता बैठका दुपारी होतात. ताई चहा करतात आणि अर्ध्या तासात बैठक संपवतात. मामा जात नाहीत, मला पाठवतात.